पलीकडच्या काठावरची होडी

"आडनाव काय म्हणालीस, पोरी?"

"जमादार."

"इस्लामपूरच्या दस्तगीर जमादाराची कोण?"

"मुलगी."

सावळदऱ्याच्या तलावाकाठी जाळी सांधत बसलेल्या पाच-सहा जणांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पुन्हा माना खाली घातल्या. दस्तगीर गेली पंधरा वर्षं या तलावाचे मासे उचलत होता. माणूस वाईट नव्हता, पण तो व्यापारी होता. व्यापाऱ्याची मुलगी लॅपटॉप घेऊन तलावावर येते, होड्या किती, कुठं बांधता, रोज किती जण पाण्यात जाता असं विचारते, याचा सरळ अर्थ कुणी लावलाच नाही. तलावाचा ठेका बाहेरच्या कंत्राटदाराला जाणार अशी कुजबुज दिवाळीपासून चालू होती. कराडच्या कुणीतरी वरच्या माळावर हॉटेलसाठी जागा पाहिल्याचंही ऐकिवात होतं.

मदिहानं समजावून सांगितलं. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. कोरोनाच्या टाळेबंदीत छोट्या मच्छीमारांचं काम किती थांबलं, हे उपग्रहाच्या फोटोंवरून मोजायचं होतं. समुद्राकडं बरेच जण बघतात, डोंगरातल्या तलावांकडं कुणी बघत नाही, म्हणून तिनं माहितीतला तलाव निवडला होता.

"फोटो म्हंजे? आमच्या तोंडाचे?" एकानं विचारलं.

"नाही हो. माणूस दिसतच नाही. होडी तेवढी पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. सकाळी साडेदहाच्या सुमाराला उपग्रह वरून जातो, तेवढा एक क्षण."

"मग होडी कुणाची त्ये कळतं का?"

हे शंभूराजनं विचारलं. चाळिशीचा, अंगापिंडानं दणकट, भोई आळीतला सगळ्यात तरबेज जाळ्यावाला. प्रश्न त्यानं इतक्या घाईनं विचारला की शेजारी बसलेल्या तानाजीच्या हातातली सुई थांबली.

"मला नाही कळत," मदिहा म्हणाली. "तुम्हाला कळेल."

तानाजी हा मच्छीमार संस्थेचा चेअरमन. वय बावन्न. त्यानं जाळं बाजूला ठेवलं आणि उठून म्हणाला, "आदी मी बघतो. मग संस्थेत ठरवू काय ते."

संस्थेची कचेरी म्हणजे तानाजीच्या घराला लागून असलेली पत्र्याची एक खोली. दार उघडंच ठेवून मदिहानं टेबलावर लॅपटॉप मांडला. तानाजी जन्मापासून या पाण्याशेजारी वाढला होता, पण तलाव त्यानं वरून कधी पाहिला नव्हता. डोंगरांच्या बेचक्यात शिरलेले पाण्याचे फाटे, मागच्या बाजूचा खडकाळ कोपरा, गावाकडचा उतार. आणि उतारावर पाण्याच्या कडेनं पांढऱ्या ठिपक्यांची रांग.

संस्थेला योजनेतून फायबरच्या पांढऱ्या होड्या मिळाल्या होत्या. आळीत बावीस घरं, बावीस होड्या. प्रत्येक घराची बांधायची जागा धरण भरलं तेव्हापासून ठरलेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होड्या सरळ खाली सरकायच्या, क्रम बदलायचा नाही. उजवीकडून सातवी जागा तानाजीची, आठवी शंभूराजची.

"हा चोवीस एप्रिल दोन हजार वीसचा," मदिहा म्हणाली. "मोजा. अठरा आहेत. हा एकोणतीसचा, वीस. हा नऊ मेचा, सतरा. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ढग नसलेले एकतीस फोटो मिळाले. बावीसच्या बावीस फक्त चार फोटोंत आहेत. मला सांगितलं होतं की गावानं तलाव पूर्ण बंद ठेवला होता. मग होड्या जातात कुठं? वाऱ्यानं वाहून जायच्या का? झाडाखाली ओढून ठेवायचात का?"

तानाजीनं नऊ मेच्या फोटोवर सातवी जागा पाहिली. तिथं नुसता चिखल होता.

"वारं असतंय मे महिन्यात," तो म्हणाला.

मदिहानं ते वहीत लिहून घेतलं, पण लिहिताना क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं. समोरच्या काठाला, गावापासून लांब, एकच ठिपका होता.

"ही एक होडी मात्र एकतीसही फोटोंत जागेवरच आहे. ही कुणाची?"

"ती व्हय? ती जुनी. मोडकी." तानाजी उठला. "च्या घ्या, गार हुतोय."

त्या साली सरकारनं मासेमारीला सूट दिली होती, पण गावानं दिली नव्हती. मुंबईहून परतलेली चार कुटुंबं शाळेत ठेवलेली, शेजारच्या गावात दोन माणसं दगावलेली. मासे धरले की व्यापारी येणार, व्यापारी आला की रोग येणार, असा सगळ्यांचा हिशेब. ग्रामसमितीनं तलावाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि संस्थेनं ठराव केला की हुकूम होईपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. ठरावाखाली पहिली सही तानाजीची होती.

आणि महिन्याभरात तोच पाण्यात उतरला होता. ठाण्याहून भाऊ बायकापोरांसह आलेला, घरात अकरा तोंडं, दाणागोटा संपलेला. डोंगरापलीकडच्या वाडीत मासे दिले की ज्वारी मिळायची. उजाडायच्या आत फांद्या सारून खाली जायचं, जाळं ओढून मागच्या खडकाआड थांबायचं, आणि भर दुपारी गाव उन्हाला घाबरून घरात असताना परत यायचं. एका पहाटे तो काठावर गेला तर आठवी जागा रिकामी होती. शंभूराजची. तानाजीनं त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आपण तिथं कशाला गेलो होतो, हे आधी सांगावं लागलं असतं.

जूनमध्ये तलाव खुला झाला आणि जाळी हलकी वर यायला लागली. मोठे कटले मासे गेले कुठं? संस्थेची सभा बसली. कुणीतरी म्हणालं, पलीकडं एकटाच राहतो, त्याला कोण बघतंय?

तो म्हणजे कोंडीबा. माणदेशाकडचा धनगर. एका दुष्काळात मेंढरं घेऊन आला तो समोरच्या काठाला राहिला. जाळं टाकायला शिकला. तानाजीच्या वडिलांनी शब्द टाकून त्याला संस्थेत घेतला, होडी दिली. संस्थेतला भोई नसलेला तेवढा एकच. सभेनंतर चार जण त्याच्या खोपटावर गेले तेव्हा दोरीवर चिलापी मासळी वाळत घातलेली सापडली. "गळानं धरली काठावरनं, खायापुरती," कोंडीबा म्हणाला होता. आठ दिवसांत त्याचं नाव संस्थेतून काढलं. होडी ओढून आणली, ती पुढं दुसऱ्याला दिली. ठराव तानाजीनं स्वतःच्या हातानं लिहिला होता.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली होती.

मदिहा आठवड्यातून दोनदा यायची. पाण्याची पातळी, काठाचा उतार, बांधायच्या जागा मोजायची. तिच्याशी कुणी नीट बोलेना. पण तानाजीकडं मात्र एकेक जण यायला लागला. आधी शंभूराज आला. मग वरच्या आळीचे दोघे भाऊ, वेगवेगळे. मग असा एक जण, जो सहा महिन्यांत कचेरीची पायरी चढला नव्हता. बोलणं भलतंच काहीतरी सुरू व्हायचं आणि उठता उठता सगळे एकच विचारायचे, "त्या फोटूत दिसतंय का रं काय?"

"काय दिसायचंय?" तानाजी म्हणायचा.

"न्हाई, आपलं इच्यारलं."

पाचवा माणूस असं विचारून गेला तेव्हा तानाजीला उमगलं. तो आणि शंभूराज एवढेच नव्हते. जवळपास सगळी आळीच पाळीपाळीनं पाण्यात गेली होती आणि प्रत्येकानं सभेत कोंडीबाकडं बोट केलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं आपण चार मासे धरले, खरा डल्ला दुसऱ्यानंच मारला.

रात्री जेवताना तो बायकोला, हरणाबाईला म्हणाला, "पोरगी गोड बोलती, पर तिचा काय भरवसा? बापाला सगळं सांगत असंल."

हरणाबाईनं भाकरी वाढली. "आवं, तिचा भरवसा कशाला बघताय? तुमी अकरा बारी गेला. मी अकरा बारी मासं शिजवलं. आन त्या म्हाताऱ्याच्या नावानं ठराव लिवताना पेन सापडंना, तर मीच हुडकून दिलं."



दुसऱ्या दिवशी दुपारी शंभूराज कचेरीत आला. "ती कंत्राटदाराची माणूस हाय. माझ्या कानावर आलंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीतरी. तिला हितनं घालव. न्हाईतर दस्तगीरला सांग, तुला मासा मिळणार न्हाई."

"सभा घिऊ मग."

"सभा कशाला?" शंभूराज एकदम ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सभेत फोटू दाखवशील तू."

त्याच संध्याकाळी मदिहाच्या स्कूटीच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली निघाली. सडकेपर्यंत दोन किलोमीटर चढ. ती एकटी गाडी ढकलत निघाली, तशी पाराजवळ बसलेली माणसं दुसरीकडं बघायला लागली. तानाजीनं ते दारातून पाहिलं. थोडा वेळ तोही बसून राहिला. मग उठला, तिला गाठून गाडीला मागून हात लावला.



"घरी सांगितलंस तर बाप पुन्हा यिऊ द्यायचा न्हाई," तानाजी म्हणाला.

"अब्बांना नाही सांगणार." तिला धाप लागली होती. "काका, मला नावं नकोत. अहवालात तलावाचंसुद्धा नाव येणार नाही. पण सरकारी कागदात त्या तीन महिन्यांपुढं शून्य लिहिलंय. शून्य लिहिलं की विषय संपतो. लोकांनी काय खाल्लं, कसं निभावलं, काही उरत नाही."

"त्ये फोटू पुसता येत्यात का?"

ती थांबली. "माझ्याकडचे येतील. वरचे नाही."

चढावर गाडी मागं यायला लागली, तशी दोघांनी पुन्हा जोर लावला.

"ती पलीकडची होडी मोडकी नव्हती, काका," मदिहा म्हणाली. "त्याआधीच्या फेब्रुवारीतल्या फोटोंत ती रोज पाण्यात दिसते. कुणाची होती?"

वाट निर्जन होती म्हणून असेल किंवा स्वतःचा चेहरा तिच्या पाठीमागं होता म्हणून असेल, तानाजीनं सांगितलं. कोंडीबा कोण, त्याला का काढला, एवढंच. स्वतःबद्दल तो काही बोलला नाही.

"अडीच महिन्यांत ती जागेवरून हललेली नाही," मदिहा हळूच म्हणाली.

"साडेधाचाच फोटू न्हवं? बाकीच्या वक्ताला गेला असंल."

"असेल. फोटो तेवढ्या क्षणाचंच सांगतात."

त्या शब्दांना धरून तानाजीनं दोन दिवस काढले. साडेदहानंतर गेला असेल. पहाटे जाऊन लवकर आला असेल. एकतीसच तर फोटो, मधले चाळीसेक दिवस कुणी बघितलेत? पण डोळे मिटले की त्याला फोटोतली गावाकडची रांग दिसायची. दातपडक्या तोंडासारखी, मध्ये मध्ये रिकामी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं होडी सोडली आणि वल्ही मारत पलीकडं गेला.

कोंडीबा खोपटापुढं एका लंगड्या मेंढीचा खूर धुवत होता. वय साठीच्या पुढं, पण पाठ ताठ. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खुरात लक्ष घातलं.

"आबा," तानाजी म्हणाला, "बरं हाय का?"

"अडीच वर्सांनी इच्यारतोयस."

तानाजी दगडावर टेकला. "एक इच्यारायचं हुतं. त्या कोरोनाच्या साली..."

"त्या साली तू अकरा बारी आलास," कोंडीबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्या खडकामागं थांबायचास. बिडी वडायचास. शंभूराज तुझ्यापरास जास्त. वरच्या आळीचं दोघं भाव, एक आला की दुसरा न्हाई, एकमेकाला पत्ता न्हाई. धोंडुबाई दोनदा. म्हातारीला जाळं वढवंना, तवा मी पाण्यात उतरून वढू लागलो. मेंढरं घिऊन दिसभर हितंच असतोय मी. मला दिसायचं न्हाई व्हय?"

"मग सभेत का बोलला न्हाईस, आबा?"

"बावीस घरांची नावं घेतली असती, तर बावीस घरांनी मिळून मला खोटा पाडला असता." त्यानं मेंढी सोडली, हात धोतराला पुसले. "आन तुमी पोटासाठनं आला हुता. त्याला चोरी कसं म्हणू? माझ्यानं म्हणवलं न्हाई. तुमास्नी म्हणवलं."

समोरच्या काठाला गाव दिसत होतं. होड्या दिसत होत्या. इथून प्रत्येक होडी ओळखू येत होती.

"चुकलं, आबा."

"आज का आलास? त्या पोरीच्या फोटूत गावलास म्हणून?"

खोटं बोलायचा मोह तानाजीला झाला. "व्हय," तो म्हणाला. "गावलो म्हणून."

कोंडीबानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "मग हितं मेंढरांम्होरं चुकलं म्हणून काय उपेग? माझं नाव जितं काढलं, तितं म्हण."

रविवारी सभा भरली. मदिहाला बोलावलं नव्हतं, फोटोही आणले नव्हते. तरी सगळे जण दाराकडं आणि टेबलाकडं बघत बसले होते. लॅपटॉप नाही हे पाहून शंभूराजनं भिंतीला पाठ टेकली.

तानाजी उभा राहिला. त्यानं पाठ करून आणलं होतं, पण ऐन वेळी काही आठवेना.

"टाळेबंदीत तलाव बंद हुता. पयली सही माझी हुती," तो म्हणाला. "त्या दिसांत मी अकरा बारी पाण्यात गेलो. मासं धरलं. आन मग कोंडीबाला चोर ठरवून ठराव लिवला. त्यो खोटा हाय. आबाची होडी जाग्यावरनं हलली न्हवती."

पत्र्यावर ऊन तापत होतं, त्याचा कडकड आवाज तेवढा येत होता.

"तू गेलास त्ये तू निस्तर," शंभूराज म्हणाला. "आमच्या नावाला हात लावायचा न्हाई."

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"पोरीला काय काय सांगितलंस मग? चढावर गाडी ढकलत काय बोलत हुतास? बघितलंय लोकांनी."

चार-पाच जण एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, तानाजीनं आळी विकली. कुणी म्हणालं, आता सरकारी नोटिसा येणार. त्या गलक्यात मागं बसलेली धोंडुबाई उठली. नवरा गेल्यावर स्वतः होडी चालवणारी, आळीतली एकटी बाई. तिला उभी राहायला वेळ लागला.

"मी दोनदा गेले," ती म्हणाली. "माझं जाळं त्यानं वढलं. कंबरभर पाण्यात उतरून. आन सभेत मी हात वर केला, त्याला काढा म्हणून." एवढं बोलून ती खाली बसली.

तिच्यानंतर कुणी उठेल म्हणून तानाजी थांबला. कुणी उठलं नाही. वरच्या आळीचे दोघे भाऊ मात्र एकमेकांकडं बघत होते, पहिल्यांदाच ओळख झाल्यासारखे.

"कोंडीबाला परत घ्यायचं, ज्याला पटतंय त्यानं हात वर करा," तानाजी म्हणाला.

आधी धोंडुबाईचा हात. मग बराच वेळ काही नाही. मग एक, मग कोपऱ्यातले दोन. हात वर करताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तेरा झाले. बावीसांत तेरा. शंभूराजचा हात मांडीवरच राहिला. जुना ठराव रद्द झाला, आणि तानाजीनं त्याच सभेत चेअरमनपदाचा राजीनामा लिहून दिला. त्याला कुणी नको म्हटलं नाही.

मदिहाला हे सगळं दस्तगीरकडून कळलं. ती तानाजीला भेटायला आली, पण सभेबद्दल तिनं काही विचारलं नाही. त्यानं आपणहून एवढंच सांगितलं, "वाऱ्यानं होड्या जात न्हाईत. त्ये खोड वहीतनं." तिनं खोडलं. मार्चमध्ये तिचा अहवाल झाला, त्यातली दोन पानं तिनं मराठीत लिहून पाठवली. तलावाचं नाव नव्हतं, कुठल्या जागेची होडी कुठल्या दिवशी नव्हती तेही नव्हतं. एक वाक्य होतं, की नोंदीत काम शून्य दिसत असलं तरी लोक घरच्या खाण्यापुरते पाण्यात जात राहिले, आणि हे कुणालाही सांगता येत नव्हतं. तानाजीनं ती पानं कचेरीच्या दाराला लावली. दोन दिवसांनी कुणीतरी फाडून नेली.

आळीत अजून सगळं सरळ झालेलं नाही. शंभूराज तानाजीशी बोलत नाही. शेजारी शेजारी होड्या सोडतात, एकमेकांच्या दोराला पाय लागू देत नाहीत. नळावर बायकांचं बोलणं मधेच थांबतं. सभेत हात वर न केलेले नऊ कोण, याची मोजणी अजून चालते. आणि वर केलेल्या तेरांतले किती जण गेले होते, याचीही.

कोंडीबानं होळीनंतर दुसरी होडी घेतली. पहिल्या दिवशी जाळ्यात दोन रोहू आणि थोडी चिलापी लागली. पाण्यात समोरासमोर आले की तो आणि तानाजी थांबतात. पाणी किती उतरलं, वारं कुठून आहे, लंगडी मेंढी कशी आहे, एवढं बोलतात. कोंडीबानं आपल्याला माफ केलं की नाही, हे तानाजीला माहीत नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. पण विचारायला तो धजावला नाही, आणि कोंडीबानंही स्वतःहून कधी सांगितलं नाही.